सहाशे तेराचं पान

२,९७,९८,५४३.

दोन कोटी सत्त्याण्णव लाख अठ्ठ्याण्णव हजार पाचशे त्रेचाळीस. झोपेतून उठवून विचारलं तरी हा आकडा मी न अडखळता सांगेन. देवळाली कॅम्पातल्या आमच्या घराच्या ओट्यावर विजेचं मीटर होतं, त्याच्यावर छापलेला हा नंबर. वर्षानुवर्षं मी त्या भिंतीखालून झाडू मारत गेले, पण त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मीटरचा नंबर बघतं कोण? लोक रीडिंग बघतात आणि वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडतात.

तो पहिल्यांदा पाहिला अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर गणिताचे मास्तर, आधी चांदवडकडच्या खेड्यांत आणि शेवटची बारा वर्षं इथे कॅम्पात. सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी बोलणंच टाकलं होतं. चहा ठेवला की प्यायचे, ताट वाढलं की जेवायचे. माझा नवरा सकाळी सातला विंचूरच्या फॅक्टरीत जायचा तो रात्री आठला परतायचा. दिवसभर घरात मी, अण्णा आणि भिंतीवरचं घड्याळ. सकाळी लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं तेवढी बोलायची.

गुढीपाडव्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी लाइट गेले होते. मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते, अण्णा खुर्चीत. मीटरकडे बघत ते एकदम म्हणाले, "ही मूळ संख्या असेल का गं?"

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच भागू शकत नाही ती. माझा हात थांबला. कितीतरी वर्षांत त्या घरात कुणीतरी मला असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर स्वयंपाकघरात नव्हतं.

इथे माझं थोडं सांगायला हवं. लग्नाआधी मी नाशिकला गणित घेऊन बी.एस्सी.ची दोन वर्षं केली होती. तिसऱ्या वर्षाला स्थळ आलं. 'लग्नानंतर पूर्ण करेल की,' असं बैठकीत सगळ्यांनी माना डोलावून सांगितलं. बैठकीतल्या माना कशा असतात ते सांगायला नको. आणि अण्णांनी तो प्रश्न विचारला त्याच वर्षी विद्यापीठाने जाहीर केलं होतं की अर्धवट राहिलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना उरलेलं वर्ष पूर्ण करता येईल. ही सवलत दोन वर्षांपुरती, त्यानंतर अभ्यासक्रम बदलणार आणि जुनं काहीही धरलं जाणार नाही. पेपरातलं ते कात्रण मी देवघराच्या खणात ठेवलं होतं. नवऱ्याला सांगायचा धीर झाला नव्हता. सांगितलं होतं फक्त अण्णांना. एरवी न बोलणारे ते तेव्हा मात्र म्हणाले होते, "फॉर्म भर. मी आहे."

तर त्या संध्याकाळी मी लसणाचं ताट बाजूला सारलं आणि तोंडी सुरू केलं. शेवटी तीन, म्हणजे दोनाने नाही आणि पाचानेही नाही. आकड्यांची बेरीज सत्तेचाळीस, म्हणजे तिनाने नाही. अकराची एकाआड एक वजाबाकी केली, पाच उरले, म्हणजे अकरानेही नाही. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "चाराने भागलं तर तीन उरतात," ते म्हणाले. "म्हणजे ही दोन वर्गांच्या बेरजेतही बसायची नाही. हट्टी आहे." त्यांना हसताना मी बऱ्याच महिन्यांनी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम ठरवले. मोबाईल नाही, कॅल्क्युलेटर नाही. सगळे भागाकार हाताने. संख्येला भाजक असलाच तर तो जोडीने असतो आणि जोडीतला धाकटा वर्गमुळाच्या आतच सापडतो. आमच्या संख्येचं वर्गमूळ पाच हजार चारशे अठ्ठावन्नच्या जरा पुढे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या अण्णांनी आलेखाच्या कागदावर चाळून काढल्या. सातशे एकवीस भरल्या. दोन आणि पाच सोडले तर मूळ संख्येच्या शेवटी एक, तीन, सात किंवा नऊच येतो. एक आणि सातवाल्या अण्णांच्या, तीन आणि नऊवाल्या माझ्या. चौकटीच्या वह्या आणल्या. एका पानावर एक भागाकार. रोज संध्याकाळी पाचच्या चहानंतर बसायचं, आपापलं पान करायचं, मग वह्या बदलायच्या आणि एकमेकांच्या भागाकाराचा ताळा करायचा.

ताळा नवाचा. आकड्यांची बेरीज करत करत एकाच आकड्यावर यायचं. भाजकाचा आकडा गुणिले भागाकाराचा आकडा, त्यात बाकीचा मिळवायचा, आणि ते मीटरच्या संख्येच्या आकड्याशी जुळायला हवं. आमच्या संख्येचा आकडा दोन. सत्तेचाळीसचे अकरा, अकराचे दोन. जुळलं की खाली लिहायचं 'ता. बरोबर' आणि सही करायची. सहीशिवाय पुढच्या पानावर जायचं नाही.

अण्णांची एक खोड होती. वर्गात त्यांनी कधी छडी वापरली नाही. पोरगं चुकलं की चुकलेल्या आकड्याखाली पेन्सिलीने एक ठिपका द्यायचे आणि वही परत. काय चुकलं ते सांगायचं नाही, त्यानेच शोधायचं. माझा नवरा त्यांच्याच वर्गात शिकलेला. तो म्हणतो, त्या ठिपक्यापेक्षा छडी परवडली. माझ्या वहीत पहिल्या दोन महिन्यांत असे तीन ठिपके आले. प्रत्येक वेळी मी चूक शोधली, पान पुन्हा केलं. मला त्या ठिपक्यांचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. कुणीतरी माझं काम नीट बघतंय असं वाटायचं. भाजीत मीठ जास्त झालं तर घरभर बोंब व्हायची, पण माझ्या डोक्यात काय चाललंय ते तपासायची तसदी त्या घरात दुसऱ्या कुणी घेतली नव्हती.

मी लहान मुलीसारखी खूश होते. हे आता लिहायला लाज वाटते, पण होते.

सुरुवातीला झपाटाच होता. जूनच्या शेवटी आम्ही सहाशेच्या पुढे होतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी कात्रण बाहेर काढलं. फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. अण्णांना म्हटलं, "उद्या बसने नाशिकला जाऊन फॉर्म आणते." वाटलं होतं, म्हणतील, चल, मीपण येतो.

अण्णा वहीतून वर न बघता म्हणाले, "आधी हे संपवू. एक अर्धवट टाकून दुसरं धरायची सवय चांगली नाही."

अर्धवट हा शब्द मला कसा लागतो ते त्यांना ठाऊक होतं. मी कात्रण परत खणात ठेवलं. वाटलं, खरंच आहे, हातात घेतलेलं एक तरी शेवटाला न्यावं. सवलत पुढच्या वर्षीही होतीच. पुढच्या वर्षी जुलै आला तेव्हा आम्ही तीन हजारांच्या पलीकडे होतो. "आता काय, उतारच आहे," अण्णा म्हणाले. "ही मूळ ठरली की ताठ मानेने जा." मी पुन्हा थांबले. माझ्या पायावर धोंडा मी स्वतःच पाडून घेतला असं कुणी म्हणेल. पण तो धोंडा उचलून हातात दिला कुणी?

शेवटची संख्या पाच हजार चारशे एकोणपन्नास. शेवटी नऊ, म्हणजे माझी. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी ते पान केलं. बाकी उरली तीन हजार चारशे अकरा. अण्णांनी ताळा केला, सही केली आणि बराच वेळ पेन हातातच धरून बसले. मी उठून नाचायचीच बाकी होते. सातशे एकवीस भाजक आणि एकानेही भाग गेला नाही! आमच्या मीटरचा नंबर मूळ होता आणि हे आम्ही दोघांनी हाताने सिद्ध केलं होतं. मी कॅम्पाच्या बाजारातून पाव किलो पेढे आणले. शेजारच्या मावशींनाही दिले. त्यांनी विचारलं, "नवऱ्याला बढती मिळाली का?" मी म्हटलं, "नाही, मीटर पास झालं."

मग मी मोबाईल काढला. नियम संपला होता. फक्त ठप्पा मारून घ्यायचा होता.

"कशाला?" अण्णा म्हणाले. "आपला ताळा आहे ना."

"असू दे हो, गंमत म्हणून."

"नको म्हटलं ना!"

अण्णा माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. मी हसून स्वयंपाकघरात गेले आणि गॅसच्या ओट्यापाशी उभी राहून आकडा टाकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. सहाशे तेरा गुणिले अठ्ठेचाळीस हजार सहाशे अकरा.

आधी वाटलं, आकडा चुकला. पुन्हा टाकला. मग वह्यांचा गठ्ठा काढला. सहाशे तेरा, शेवटी तीन, म्हणजे माझंच पान. गंमत बघा, त्या मीटरच्या नंबरात सहाही नाही आणि एकही नाही, आणि भाजक मात्र सहाशे तेरा. मी पान उघडलं. दुसरीच वजाबाकी. पाच हजार दोनशे अठ्ठ्याहत्तरातून चार हजार नऊशे चार गेले, उरले तीनशे चौऱ्याहत्तर. मी लिहिलं होतं तीनशे सत्तेचाळीस. ३७४ च्या जागी ३४७. तिथून पुढे सगळं घसरलं आणि जिथे शून्य यायला हवं तिथे बाकी आली पाचशे पंच्याऐंशी. ताळा मात्र जुळला होता. आकडे उलटेपालटे झाले तर नवाच्या ताळ्याला कळत नाही, कारण बेरीज तीच राहते. खाली अण्णांच्या अक्षरात 'ता. बरोबर'. तारीख जूनची शेवटची.

खरं सांगते, तेव्हा मला त्यांची दया आली. बिचाऱ्यांना फसवलं ते ताळ्याने आणि माझ्या वेंधळेपणाने. आता त्यांना कसं सांगायचं या विचारात मी वही घेऊन खिडकीशी गेले. उन्हं तिरपी झाली होती. पान हलवलं तेव्हा ३४७ मधल्या चाराखाली काहीतरी दिसलं. मी बोट फिरवलं. कागदाला बारीक खळगा पडला होता. भोवती खोडरबराने घासल्याने चौकटीची निळी रेघ तेवढ्या जागी पुसट झाली होती.

ठिपका.

अण्णांनी ठिपका दिला होता. मग खोडला होता. मग सही केली होती.

मी खाली बसले आणि आठवायला लागले. जूनची शेवटची तारीख. त्यानंतर आठवड्याच्या आत मी फॉर्मचं काढलं होतं. 'एक अर्धवट टाकून दुसरं धरायची सवय चांगली नाही.' हे ते म्हणाले तेव्हा काम अर्धवट नव्हतंच. ते आठवडाभर आधी संपलं होतं. मला फक्त ते कळू दिलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर धरून बसले होते.

"अण्णा, सहाशे तेराचा ठिपका तुमचा?"

त्यांनी वही मागितली नाही. कुठला ठिपका, असंही विचारलं नाही. मला उत्तर तिथेच मिळालं.

"ताळा जुळत होता," ते म्हणाले.

"ताळ्याचं मला सांगू नका. ठिपका दिलात, मग खोडलात का?"

त्यांनी पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "त्या दिवशी भाग गेला असता तर सगळं तिथेच संपलं असतं," ते म्हणाले. "तू फॉर्म भरला असतास. सकाळची बस धरून नाशिकला गेली असतीस, संध्याकाळी दमून आली असतीस. मग अभ्यास, परीक्षा. पाचच्या चहाला इथे कोण बसलं असतं?" मास्तरांची शुद्ध भाषा तिथे सुटली आणि चांदवडची बोली बाहेर आली. "ती गेल्यापासून लय सुनं सुनं वाटायचं गं. मला नाय जमलं सांगायला."

मी उभीच होते. अशा वेळी म्हणे राग विरघळतो. माझा विरघळला नाही. एकटेपण मला समजत होतं. त्या घरात मी त्यांच्या कितीतरी आधीपासून एकटी होते, आणि कुणाच्या वहीत खाडाखोड केली नव्हती. "मला म्हणाला असतात, की एक वर्ष थांब, मला सोबत हवी आहे, तर मी थांबले असते," मी म्हटलं. "तुम्ही मागितलं नाहीत, अण्णा. तुम्ही माझ्याच चुकीने मला बांधून ठेवलंत."

ते पेपराची घडी गुडघ्यावर दाबत राहिले.

"आणि तुमचे भागाकार? त्यानंतरचे?"

"ते खरे आहेत," ते खालमानेने म्हणाले. "तपासून बघ."

नंतर आठ दिवस मी तेच केलं, दुपारी एकटी बसून. जूननंतरची त्यांची तीनशेवर पानं. भागाकार नीट, बाक्या नीट, सुवाच्य अक्षर, एक आकडा इकडचा तिकडे नाही. भागली जाते हे पक्कं ठाऊक असलेल्या संख्येला हा माणूस दीड वर्ष रोज इमानेइतबारे भागत होता आणि माझ्याकडून सह्या घेत होता. कुठे लबाडी सापडली असती तर मला सोपं गेलं असतं. निदान शिव्या तरी मोकळ्या मनाने देता आल्या असत्या.

नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "एका आकड्यावरून एवढं? तुझी करमणूक झाली ना?" त्याचंही चुकलं नाही म्हणा. त्या घरात सगळ्यांनाच ती करमणूक वाटत होती. एकटी मीच तिला काम समजत होते. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दुखत नाही, रक्त दिसत नाही आणि कुणाला दाखवताही येत नाही.

विद्यापीठात चौकशी केली. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी दोनदा कागद बघितले. सवलत बंद झाली होती. शिकायचं असेल तर नव्या अभ्यासक्रमाने, पहिल्या वर्षापासून. मी फॉर्म घेऊन बाहेर पडले आणि देवळालीची बस येईपर्यंत स्टॉपवर उभी राहून रडले. लोक बघत होते. बघू देत म्हटलं.

त्याच आठवड्यात मंडळाची माणसं आली आणि मीटर बदलून गेली. नवं मीटर पांढरं, आपलं आपण रीडिंग पाठवणारं. जुनं त्यांनी पिशवीत टाकून नेलं. भिंतीवर जुन्या रंगाचा चौकोन तेवढा राहिला. अण्णा ओट्यावर उभे राहून ती माणसं फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत होते.

दुसऱ्या दिवशी पाचचा चहा झाला. मी टेबलाशी फॉर्म घेऊन बसले होते. अण्णा हळूच समोर येऊन बसले आणि त्यांनी एक कोरी वही माझ्याकडे सरकवली. पहिल्या पानावर नव्या मीटरचा नंबर मोठ्या अक्षरात. खाली साताने केलेला भागाकार, बाकीखाली दोन रेघा, आणि ताळ्यासाठी सोडलेली जागा. शेजारी धार काढलेली पेन्सिल आणि खोडरबर.

"म्हटलं, बघावं," ते म्हणाले. "जमलं तर."

मी पेन घेतलं. पानाकडे न बघता रिकाम्या जागी लिहिलं, 'ता. बरोबर'. सही केली आणि वही त्यांच्याकडे परत सरकवली.

त्यांनी सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू बघितलंसुद्धा नाहीस."

"तुम्ही तर नीट बघितलं होतंत, अण्णा," मी म्हटलं. "मला काय उपयोग झाला?"

त्यांनी वही मिटली. मी फॉर्म पुढे ओढला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख लिहिली. त्याखाली 'यापूर्वीचे शिक्षण' असा रकाना होता. त्यात मी 'बारावी' लिहिलं.